मापावरची मूठ

ऑनलाइन दुकान लोकांसाठी उघडण्याआधी मी एक यादी तपासते. ती माझ्या टेबलाच्या काचेखाली असते. पाठ असूनही दर वेळी ओळीवर बोट ठेवून वाचते. पत्ता बरोबर आहे का? कुलूप लागलं आहे का? ऑर्डरची सूचना कोणाकडे जाते? सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे का? काम सोडलेल्या माणसांची लॉगिनं काढली का? अशा ओळी. प्रत्येक ओळीमागे एकेक भानगड आहे. भानगड झाल्याशिवाय माझ्या यादीत ओळ चढत नाही.

कर्जतला दहिवलीत एका औषधांच्या दुकानावरच्या खोलीत माझं ऑफिस आहे. कर्जत-खालापूर भागातल्या लहान धंद्यांची ऑनलाइन दुकानं मी उभी करते आणि बिघडली की दुरुस्त करते. लोकांना वाटतं की प्रोग्राम लिहिला की दुकान झालं. तसं नसतं. प्रोग्राम म्हणजे फळ्या आणि काउंटर. ते कुठल्याही गाळ्यात बसतात. पण वीज कुठल्या मीटरवरून घ्यायची, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, पाटी कुठल्या रस्त्याकडे तोंड करून लावायची, हे प्रत्येक दुकानाचं वेगळं असतं. त्याला आम्ही कॉन्फिगरेशन म्हणतो, आणि बहुतेक दुकानं तिथेच आजारी पडतात. चूक सापडते तेव्हा ती एका ओळीची असते. मालकाला दाखवली की त्याचा चेहरा उतरतो. एवढ्यासाठी आपण इतके घाबरलो होतो, असं त्याला वाटत असावं.

कारण ही दुकानं बिघडतात तेव्हा घाबरवतात. शटर अडकलं तर दिसतं. इथे काही दिसत नाही, फक्त विपरीत घडायला लागतं. नेरळच्या एका रोपवाटिकेच्या मालकाने मला फोन करून अगदी हळू आवाजात सांगितलं होतं, “मॅडम, एका बाईने उद्या दिलेली ऑर्डर आज रद्द केली.” कोणीतरी सर्व्हरच्या घड्याळात भारतीय वेळेचे साडेपाच तास दोनदा मिळवले होते, त्यामुळे संध्याकाळच्या ऑर्डरी दुसऱ्या दिवशीच्या तारखेने दिसत. मी दुरुस्त करेपर्यंत तो गृहस्थ दिवेलागणीनंतर कॉम्प्युटरला हात लावत नव्हता. खोपोलीच्या एका पापडवाल्या बाईंच्या दुकानात तर प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच्या गिऱ्हाइकाची पिशवी दिसे. “माझ्या पिशवीत कोणीतरी आत्ताच हात घालून गेलं,” असं एकीने लिहून पाठवलं होतं. वेबसाइटची पानं जपून ठेवणारी एक सोय चुकीच्या ठिकाणी चालू राहिली होती. बंद केली, पिशव्या वेगळ्या झाल्या.

दोन्हींची कारणं सापडली. मला कारण सापडतं. या धंद्यात मी एवढी वर्षं टिकले ती त्याच भरवशावर.

विलासरावांचं काम त्यानंतरचं.

शिळफाट्याला विलासरावांचं दुकान आहे. नाचणीचं पीठ, हातसडीचे तांदूळ, कोकम, भाजणी आणि डोंगरातला मध. काउंटर ते सांभाळत आणि ऑनलाइन दुकान त्यांचे भागीदार मिलिंद. मिलिंद पळसदरीला राहायचे. हुशार आणि हौशी माणूस. वेबसाइट स्वतः शिकून उभी केलेली. डोंगरातला माल त्यांच्या घरी उतरायचा, ऑनलाइन ऑर्डरी तिथेच बांधल्या जायच्या आणि कुरियरवाला तिथूनच उचलायचा. मागच्या वर्षी गणपतीनंतर थोड्याच दिवसांत मिलिंद हृदयविकाराने गेले. विलासरावांना ऑनलाइनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आले. मी नव्या सर्व्हरवर नवं दुकान उभं केलं आणि ऑर्डरी शिळफाट्याला, काउंटरच्या मालातून बांधायला सुरुवात झाली. जुनं दुकान कुठल्या तरी भाड्याच्या सर्व्हरवर असणार आणि मुदत संपली की आपोआप बंद पडणार, असा आम्हा सगळ्यांचा समज होता.

यंदा श्रावण संपता संपता विलासराव माझ्या ऑफिसात आले. नेहमी पायरीवरूनच बोलायला लागणारा माणूस, त्या दिवशी बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “ताई, आपलं दुकान कोण चालवतंय?”

“तुम्ही.”

“मग मी न पाठवलेली पार्सलं कशी पोचतात?”

होळीपासून त्यांना अधूनमधून आभाराचे फोन येत होते. मध छान होता, पीठ मिळालं, असे. पहिल्यांदा त्यांना वाटलं की लोकांचा घोटाळा होतोय. मग त्यांनी नावं मिळवून पाहिली. त्या नावांची ऑर्डरच दुकानात नव्हती. पैसे मात्र खात्यात जमा होते, चोख. कुरियरच्या ऑफिसात विचारलं तर तिथल्या मुलीने सांगितलं, “काका, तुमच्याच खात्यावर बुक झालंय. नेहमीच्या जागेवरून उचललंय.” नेहमीची जागा कुठली, तर, “सिस्टिमला तुमचंच दुकान दिसतंय की.”

“कोणीतरी तुमच्या नावाने बोगस दुकान काढलंय,” मी म्हटलं.

“बोगस दुकानवाला पैसे माझ्या खात्यात कशाला भरेल?”

हे खरं होतं.

“आणि मूठ कशाला टाकेल?” ते म्हणाले.

मूठ कसली, ते मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं. त्यांच्या ऑनलाइन पार्सलात पहिल्यापासून मूठभर तांदळाची एक पुरचुंडी असायची, पळसाच्या पानात बांधलेली. मापाने दिलेल्या मालावर वरची मूठ, जशी पूर्वी धान्य मोजताना टाकत. मिलिंदची कल्पना. मिलिंद गेल्यावर विलासरावांनी ती बंद केली. पानं कोण आणणार आणि बांधत कोण बसणार?

“काल भिवपुरीहून मालतीकाकूंचा फोन आला, आपल्या जुन्या गिऱ्हाईक. म्हणाल्या, मूठ पुन्हा सुरू केलीत ते बरं झालं. मधे दोन-तीनदा नव्हती तेव्हा चुकल्यासारखं वाटलं.” विलासरावांनी ग्लास बाजूला सरकवला. “ताई, ती मूठ मिलिंदशिवाय कोणी टाकत नव्हतं. मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. त्याचं वर्षश्राद्ध आलंय. तोपर्यंत मला कळलं पाहिजे. नाहीतर मी दुकान बंद करतो, काउंटरसकट. मेलेल्या माणसाने चालवलेल्या दुकानात मी बसणार नाही.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. दुकानदार उधारी बंद म्हणतो त्या आवाजात ते बोलत होते. म्हणून मला ते खरं वाटलं. तीस वर्षांचं दुकान हा माणूस खरोखर बंद करेल.

आधी मी जे नेहमी करते ते केलं. माझ्या कॉम्प्युटरवरून त्यांच्या दुकानात ऑर्डर टाकली. ती दुकानात आली. त्यांच्या फोनवरून टाकली. आली. नव्या सर्व्हरच्या सगळ्या नोंदी वाचल्या. कुठे गळती नाही. माझ्या बाजूने दुकान ठणठणीत होतं, आणि ठणठणीत दुकानासारखं त्रासदायक काही नाही. शेवटी मी मालतीकाकूंकडे जायचं ठरवलं. गिऱ्हाईक जे सांगतं ते ऐकण्यापेक्षा ते जिथे बसून बोट दाबतं तिथे जाऊन पाहावं, असा माझा नियम आहे.

भिवपुरीला वीजकेंद्राच्या वसाहतीपलीकडे काकूंचं घर. दुपार होती. पाऊस नव्हता, पण ढग डोंगरावरून इतके खाली आले होते की गवताचे शेंडे त्यांत शिरले होते. काकू साठीच्या पुढच्या, एकट्या, बोलक्या. त्यांनी पुरचुंडी जपून ठेवली होती. पान किंचित सुकलं होतं, पण हिरवं होतं. गेल्या वर्षीचं नव्हे. कोणीतरी त्याच आठवड्यात झाडावरून तोडलेलं.

“काकू, ऑर्डर कशी टाकता ते दाखवा.”

“त्यात काय दाखवायचं? मधे काही महिने लेकच त्याच्या फोनवरून मागवायचा. आता त्याने लिहून दिलंय, तसं टाइप करते.” त्यांनी फोन पुढे धरला.

दुकान उघडलं. पण ते मी केलेलं दुकान नव्हतं.

वर गणपतीच्या शुभेच्छा होत्या, मागच्या वर्षीच्या. खाली मिलिंदांच्या हाताने काढलेल्या अक्षरांतली पाटी. प्रत्येक वस्तूपुढे शिल्लक किती ते दिसत होतं. मधापुढे लिहिलं होतं, शिल्लक दोन. वर्षभरापूर्वी थांबलेलं पान असं वाटून मला हायसं वाटलं. अशी पानं इंटरनेटवर खूप असतात, ओसाड घरांसारखी. मी पत्ता बघितला आणि कारण सापडलं. लेकाने पत्त्याच्या आधी तीन डब्ल्यू लिहून दिले होते. हल्ली कोणी ते लिहीत नाही. मी नाही, विलासराव नाहीत. पण दुकानाला ही दोन वेगळी दारं असतात. तीन डब्ल्यूंचं आणि बिनडब्ल्यूंचं. दोन्ही दारं एकाच दुकानात उघडतील असं सांगून ठेवावं लागतं. बिनडब्ल्यूंचं दार मी नव्या दुकानाकडे वळवलं होतं. दुसऱ्या दाराची मांडणी मिलिंदांच्या वेगळ्याच खात्यात होती, आणि ते खातं आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. ते दार अजून जुन्या दुकानात उघडत होतं. जुनी माणसं जुन्या दाराने आत जात होती.

एका ओळीची चूक. मी मनात टिकमार्क केला.

काकूंनी चहा आणला. आम्ही त्यांच्या गुडघ्याबद्दल बोललो. निघताना मी फोनवरचं दुकानाचं पान पुन्हा एकदा ताजं करून पाहिलं, सवयीने.

मधापुढे लिहिलं होतं, शिल्लक नऊ.

मी फोन डोळ्यांजवळ धरून आकडा पुन्हा वाचला. आकडा कमी झाला असता तर काही नव्हतं. कोणी ऑर्डर टाकली की दुकान आपोआप वजा करतं. पण वाढत तो आपोआप नाही. आत शिरून कोणीतरी तो टाकावा लागतो. मिलिंद गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि त्यांच्या बंद दुकानात, भर दुपारी, मी चहा पीत असताना कोणीतरी फळीवर मधाच्या सात बाटल्या मांडल्या होत्या.

“काय झालं गं?” काकूंनी विचारलं.

“काही नाही. रेंज गेली होती.”

मी तिथूनच, तीन डब्ल्यूंच्या दाराने, माझ्या घरच्या पत्त्यावर एक बाटली मागवली. तिसऱ्या दिवशी पार्सल आलं. सुतळीची गाठ घट्ट, कोपरे नीट दुमडलेले. आत मध, आणि पळसाच्या पानात तांदूळ. पान इतकं ताजं होतं की देठ मोडल्यावर बोटाला ओल लागली. मी ते तांदूळ घरातल्या डब्यात टाकले नाहीत. का नाही, ते सांगता येणार नाही. पुरचुंडी टेबलावरच राहू दिली आणि रात्री तिच्यावर वाटी उपडी घातली.

जुनं दार नेमकं कुठे उघडतं, ते शोधणं हे पुढचं काम. सर्व्हरला एक आकड्यांचा पत्ता असतो, त्यावरून तो कुठल्या कंपनीत आहे ते कळतं. मला वाटलं, मुंबई निघेल किंवा परदेश. निघालं घरगुती इंटरनेटचं एक कनेक्शन, कर्जत परिसरातलं. म्हणजे दुकान कुठल्या भाड्याच्या सर्व्हरवर नव्हतंच. कोणाच्या तरी घरात चालू होतं. आकड्यावरून घर कळत नाही, पण घर कुठलं ते मला कळलं होतं.

मी विलासरावांना फोन केला. “मिलिंदांच्या घरी कोण असतं?”

“शैलावहिनी. एकट्याच.”

“तुम्ही शेवटचे कधी गेला होता?”

“तेराव्याला.” मग म्हणाले, “ताई, दुखवट्याच्या घरी धंद्याचं बोलत नाहीत. वर्ष सरेपर्यंत नाही. आमच्याकडे तसंच आहे आणि त्यांच्याकडेही. आणि धंद्याशिवाय मी तिथे जाऊन बोलणार काय? म्हणून म्हटलं, वर्षश्राद्ध झालं की जाऊन सांगू, नवी व्यवस्था केलीय, आता घरात मालाचा पसारा नको.”

“म्हणजे त्यांना नवीन दुकानाचं माहीतच नाही.”

“कोण सांगणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पळसदरीला गेलो. वर्षश्राद्ध चार दिवसांवर होतं. धरण भरलेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत कमरेएवढं, आणि घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज ढगातून येत होता. गाडी दिसत नव्हती. मिलिंदांचं घर गावाच्या टोकाला. अंगणाच्या कडेला पळसाची दोन झाडं. खालच्या फांद्या ओरबाडल्यासारख्या रिकाम्या होत्या. पानं होती ती सगळी हाताच्या वर.

विलासरावांनी ते पाहिलं आणि चप्पल काढता काढता थांबले.

शैलावहिनी दारात आल्या. पन्नाशीच्या, सडपातळ, पदर खोचलेला, हाताला पीठ. “या भावजी,” त्या म्हणाल्या. “यायचंच होतं तर श्राद्धाला यायचं. आज काय काढलं?”

“या ताईंना घर दाखवायला आणलं,” विलासराव म्हणाले. धंद्याचं बोलायचं नव्हतं. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात, “तुम्ही विचारा.”

मी विचारायच्या आधीच आतून आवाज आला. बारीक, टरटर असा, आणि मग कागद फाटल्याचा. विलासरावांनी दाराची चौकट धरली.

“आली,” वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. आम्ही मागोमाग.

आतली खोली थंड होती. भिंतीला लागून माल, ओळीने लावलेला: पिठाच्या पिशव्या, कोकम, मधाच्या बाटल्या. मध्ये सुतळी, कात्री, पानांची चवड. कोपऱ्यात एका लाकडी स्टुलावर कॉम्प्युटरचा काळा डबा, गुणगुणणारा, त्याच्या बाजूला बिलं छापायचं लहान मशीन. त्यातून नुकतीच एक चिठ्ठी बाहेर लोंबत होती. डब्याला ना पडदा, ना कीबोर्ड. इन्व्हर्टरची वायर मागून आलेली. डब्यासमोर पाटावर निरांजन.

“दिवा कशाला?” मी विचारलं.

“त्यांनीच ठेवलेलं मशीन हाय. त्यांचा हात लागलेला.” वहिनींनी चिठ्ठी फाडून घेतली आणि वाचली. “तळेगाव. नाचणी दोन, भाजणी एक.” आणि बाटल्यांकडे न बघता पिशव्या उचलायला लागल्या.

“ह्या ऑर्डरी कोण पाठवतं, वहिनी?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी लाज वाटली. “भावजी पाठवतात. दुसरं कोण? त्यांना इथं यायला जमत नाय, वर्ष सरलेलं नाय. पण काम बंद केलं नाय त्यांनी. मी म्हटलं, माणूस मोठ्या मनाचा हाय. बोलत नाय, पण काम धाडतो.”

विलासराव भिंतीकडे बघत उभे होते.

“आणि माल?”

“वाडीवरच्या बायका आणून टाकतात, दरवर्षासारखा. पैसे त्या दिवाळीलाच घेतात एकदम.” मग पीठ भरता भरता, “मला तरी दुसरं काय हाय? बाहेर कुठं जायचं नाय वर्षभर. हे नसतं तर वेड लागलं असतं मला, ताई.”

विलासराव माझ्या कानाशी म्हणाले, “त्यांना विचारा, मूठ कोण टाकतं.”

“मला ऐकू येतं, भावजी,” वहिनी म्हणाल्या. “मी टाकते. पहिल्यापासून मीच टाकते. आमच्या आईच्या घरी मापावर मूठ टाकल्याबिगर पोतं बांधत नव्हते.”

“मला वाटायचं मिलिंद...”

“ते कधी पार्सल बांधायचे? गाठ तरी मारता येत होती का त्यांना? ते आपले आकडे लिहायचे आणि मी बांधायची.”

त्या हसल्या. विलासरावांनाही हसू आलं, आणि मग ते खाली बसले, एकदम, पिठाच्या पिशवीला टेकून. ज्या हाताला ते घाबरले होते तो हात समोर पीठ भरत होता आणि तो आधीपासूनच दुकान चालवत होता. मला काम संपल्यासारखं वाटलं. दोन दारं, एक जुना डबा, एक बोलायची बंदी. सगळं कारणासकट.

मग मला मधाचा आकडा आठवला.

“वहिनी, गेल्या बुधवारी दुपारी वाडीवरनं मध आला होता का?”

“आला होता की. सात बाटल्या.”

“तो तुम्ही कॉम्प्युटरमध्ये चढवला?”

“मला कुठं येतं ते?”

“मग कोण चढवतं?”

त्यांनी सुतळी दातांनी तोडली. “मी बांधते फक्त. लिहितात ते.”

त्या ‘लिहायचे’ म्हणाल्या नाहीत. मी नीट ऐकलं.

मिलिंदांचा फोन कपाटात होता, बारा महिने चार्ज न केलेला. मी स्वतः हातात घेऊन पाहिला. माझ्या लॅपटॉपची वायर मी त्या डब्याला जोडली. नोंदी होत्या. माल चढवल्याच्या, वर्षभराच्या, माल ज्या दिवशी येई त्याच दिवशीच्या, मिलिंदांच्या लॉगिनने. ठरावीक वेळी आपोआप चालणारा एखादा प्रोग्राम असेल म्हणून शोधला. नव्हता. बाहेरून कोणी शिरतंय का ते पाहिलं. कोणी शिरलं नव्हतं. नोंदींप्रमाणे आकडे त्याच डब्यावरून टाकले गेले होते, जिथे कीबोर्डच नव्हता. मी सगळं तिसऱ्यांदा तपासत होते तेव्हा विलासरावांनी विचारलं, “सापडलं का?”

“दोन दारांचं सापडलं,” मी म्हटलं.

तेवढंच सांगितलं. माझ्या धंद्यात कारण सापडलं नाही याचा अर्थ कारण नाही असा होत नाही. असेल काहीतरी. माणूस हुशार होता, हौशी होता. मला न ओळखू येणारं काही करून गेला असेल. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि आजही सांगते.

चहा झाला. आता दुकानाचं काय, हा प्रश्न खोलीत होता आणि तो बोलायला वर्ष सरलं नव्हतं. विलासरावांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, समजा एखादं दुकान आहे. त्याच्या सगळ्या ऑर्डरी, दोन्ही दारांच्या, एकाच ठिकाणी छापता येतात का? समजा शिळफाट्याऐवजी दुसरीकडे. समजा पळसदरीला.”

“येतात.”

“आणि त्या दुकानात भागीदाराचं नाव बदलता येतं? नवऱ्याच्या जागी बायकोचं?”

“ते वकिलाचं काम. पण येत असावं.”

“यांना विचारा, चालेल का.”

वहिनी पानं पुसत होत्या. “ह्यांना सांगा,” त्या मला म्हणाल्या, “सगळ्या ऑर्डरी आल्या तर मला एक बाई लागेल मदतीला. आणि मूठ कोणी बंद करायची नाय.”

“मूठ राहील,” विलासराव थेट त्यांना म्हणाले. मग चूक लक्षात येऊन खिडकीबाहेर बघायला लागले.

पुढच्या दोन दिवसांत मी काम केलं. दोन्ही दारं एका दुकानात वळवली. पळसदरीचं छापायचं मशीन नव्या दुकानाला जोडलं, आणि माल चढवायला विलासरावांना शिकवलं, कारण वहिनी नको म्हणाल्या. शेवटचं काम जुना डबा बंद करण्याचं. मी बटणावर हात ठेवला तेव्हा वहिनी मागे उभ्या होत्या.

“बंद केल्यावर ते कुठं लिहितील?”

माझ्या यादीत ती ओळ आहे: काम सोडलेल्या माणसांची लॉगिनं काढली का? ती सुरक्षेची ओळ आहे आणि मी ती कोणासाठी सोडलेली नाही. मोठमोठ्या मालकांशी तिच्यावरून वाद घातले आहेत. मी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि मिलिंदांचं लॉगिन, त्याच्या पासवर्डसकट, नव्या दुकानात हलवलं. तो पासवर्ड कोणालाच माहीत नाही. मलाही नाही, दुकान तो गुप्त लिपीत ठेवतं. मग बटण दाबलं. गुणगुण थांबली, आणि खोली इतकी गप्प झाली की बाहेर पळसाचं पान पान हलताना ऐकू यायला लागलं. वहिनींनी निरांजन उचललं आणि छापायच्या मशीनसमोर ठेवलं.

वर्षश्राद्ध झालं. विलासराव आता दर शनिवारी पळसदरीला जाऊन उघड बोलतात आणि वहिनी त्यांना उघड सुनावतात. दुकान दोघांचं आहे. दिवाळीच्या ऑर्डरी जोरात आहेत आणि वाडीवरची एक बाई मदतीला आली आहे. शिळफाट्याचा काउंटर उघडा आहे. माझ्या कामाचा दाखला म्हणून मला ते पुरेसं आहे.

मधल्या काळात मी एकदा विलासरावांना म्हटलं, “माल बरोबर चढवताय. एकही चूक नाही.”

“मी? मला वाटलं तुम्हीच चढवता. मी दोनदा विसरलो, बघतो तर आकडा बरोबर.” मग स्वतःच म्हणाले, “वहिनी शिकल्या असतील.”

“असतील,” मी म्हटलं.

दुकानाच्या माझ्या पडद्यावर सगळ्या लॉगिनांची यादी दिसते. नावं तीन. माझं, विलासरावांचं आणि मिलिंदांचं. प्रत्येकापुढे एक रकाना असतो, शेवटचं कधी आत आले त्याचा. तो बघणं माझं काम आहे, दर सोमवारी, आणि बाकीच्या सगळ्या दुकानांत मी तो बघते. या दुकानापुरता मी तो रकाना पडद्यावरून काढून टाकला आहे.